होडीचे बूच

मासेमारीवर लिहिणारी माणसे बहुधा माशाविषयी लिहितात, आणि त्यातही हातून सुटलेल्या माशाविषयी. कॉन्स्टान्टिन पाउस्तोव्स्की या रशियन लेखकाची ‘रबरी होडी’ ही गोष्ट या रिवाजाला अपवाद आहे. होडी मासेमारीसाठीच घेतलेली, पण गोष्टीत मासा जवळजवळ नाहीच. आहे ती होडी, ती विकत घेणारी माणसे आणि एक कुत्र्याचे पिल्लू. १९३७ साली मुलांसाठी निघालेल्या ‘उन्हाळ्याचे दिवस’ या कथामालेतली ही लहानशी गोष्ट. मोठ्याने वाचली तर दहा मिनिटांत संपते. याच मालेतल्या चोरट्या मांजराची गोष्ट हिच्याहून अधिक नावाजली गेली. मला मात्र होडीचीच गोष्ट मोठी वाटते. ती ‘गंमतीची’ म्हणून पोरांच्या हाती द्यावी आणि मोठ्यांनी आपापल्या वाचनाकडे वळावे, हे मला मान्य नाही.

आधी ती होडी कुठली, हे सांगायला हवे. व्होल्गेला मिळणारी ओका नदी र्‍याझान शहराजवळून वाहते. तिच्या एका अंगाला मेश्चोरा नावाचा जंगलांचा, दलदलींचा आणि तळ्यांचा मुलूख आहे. तिथल्या सोलोत्चा गावी पाउस्तोव्स्की वर्षानुवर्षे मित्रांसह जाऊन राहत. गोष्टीतला रुविम म्हणजे त्यांचा मित्र, ‘रानटी कुत्रा डिंगो’ या १९३९ च्या कादंबरीचा लेखक रुविम फ्रायेरमान. ओकेने पात्र बदलले की जुने पात्र मागे उरते; दाट झाडीत बुडालेले, संथ आणि खोल. अशा पाण्यावर गळ टाकायचा तर काठावर बसून भागत नाही. लाकडी होडी न्यावी, तर रानातून मैलोगणती ती वाहणार कोण? रबरी होडीची घडी होते, ती पाठीवर बसते, आणि तळ्याकाठी भात्याने वारा भरला की तिचा गोलमटोल तराफा होतो. सुक्या भोपळ्यांच्या सांगडीने नदी उतरणाऱ्या आपल्या लोकांना वाऱ्यावर तरंगण्याची ही युक्ती मुळीच परकी वाटू नये. तिची खोड मात्र ध्यानात ठेवायची. बुडाला कणा नसल्याने जरा वारा सुटला की ती भलतीकडे भरकटते, आणि पाण्याखालचे एक अणकुचीदार खोड तिला पुरेसे होते.

या खोडाचीच भीती गोष्टीच्या आरंभी आहे. होडी घेतली मॉस्कोत, तीही भर हिवाळ्यात! म्हणजे वस्तू घरात, नदी बर्फाखाली, आणि मध्ये काही महिन्यांचा रिकामा काळ. रुविमला वाटते की यंदा बर्फ मुद्दामच सावकाश वितळते आहे. त्याला स्वप्ने पडू लागतात: एक दांडगा मासा होडीसकट त्याला ओढून नेतो आहे; खोडाला लागून होडी फाटली आहे, शिट्टी घालत वारा निघून चालला आहे, आणि तो सिगारेटची पेटी दातांत धरून काठाकडे पोहतो आहे. ही दातांतली पेटी मला फार आवडते. बुडणारा माणूस काय वाचवतो, यावरून तो कोण ते कळते.

इथे जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ सालच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ची आठवण वाचकाला होईलच, तिथेही होडी, मित्र आणि कुत्रा आहेत. पण टेम्सवरची ती होडी भाड्याची होती. भाड्याच्या होडीची काळजी मालकाने करावी. तीन मित्रांनी आपल्या पाठीची आणि पोटाची केली. पाउस्तोव्स्कींची होडी मालकीची आहे. आपल्याकडे चिं. वि. जोशींच्या चिमणरावाच्या घरी नवी वस्तू आली की सारे घर कसे तिच्या तैनातीत लागते, ते आठवावे. मालकीतून जन्मणारी धास्ती हा विनोदाचा अस्सल विषय आहे, आणि तो मध्यमवर्गाला अंगचा ठाऊक असतो. (घरात पहिली सायकल आली तेव्हा रात्री उठून कुलूप चाचपून पाहिले नाही, असा गृहस्थ विरळा.)

होडीची पहिली चाचणी उथळ पाण्यात होते. पोरे तिच्याखालून बुड्या मारतात, गायी चरायच्या थांबतात, पुलावरून जाणाऱ्या बाया या शहरी वेडेपणाला शिव्या घालतात. मग गावातला एक म्हातारा पुढे होतो. होडी हुंगतो, नखाने खरवडतो, फुगलेल्या कुशीवर थाप मारतो आणि आदराने तिला पसंती देतो. तेवढ्याने सारा गाव होडीला मान्यता देतो. एका परिच्छेदात लेखकाने शहर आणि खेडे समोरासमोर उभे केले आहे, आणि दोघांपैकी कुणाचीही टर उडवलेली नाही. हे साधणे किती कठीण, ते ग्रामीण कथा लिहू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी जाणावे.

पुढे येतो मुर्झिक. हे पिल्लू मंदबुद्धीचे आहे, आणि जे न कळेल त्यावर भुंकणे व जे सापडेल ते चावणे ही त्याची दोन कामे. कवितांचे पुस्तक, रुविमच्या विजारीचे पट्टे, साळिंदराच्या काट्याचा सुरेख तरंगा, सगळे त्याच्या दाताखालून गेले. आता होडीची पाळी. इथे लेखकाची नजर पाहण्यासारखी आहे. एखाद्या कच्च्या लेखकाने पिल्लाकडून होडीची कूस फाडून घेतली असती. पाउस्तोव्स्कींनी अशी होडी स्वतः वापरलेली. वारा ठासून भरलेल्या तणाव्या रबरावर दात ठरत नाहीत, निसटतात, हे त्यांना ठाऊक आहे. मुर्झिक मग आत चढतो आणि त्याला चावण्याजोगी एकच वस्तू सापडते: वारा कोंडणारे रबराचे बूच. मंडळी बागेत चहा पीत बसली आहेत. तासभर चघळल्यावर बूच तुटते आणि वाऱ्याचा लोट पिल्लाला उडवून खाजकुइरीसारख्या झुडपांत फेकतो. कोंबड्या कलकलतात, मांजर झाडावर चढते, होडी गुरगुरत लुळी पडते.

हिवाळाभर ज्याची स्वप्ने पडली ती शिट्टी अखेर वाजली. पण नदीत नव्हे, अंगणात. ना मासा, ना खोड; चुलीपाशी वाढलेले स्वतःचे पिल्लू. हा उलटा फासा लेखक कुठेही बोलून दाखवत नाही, आणि त्यामुळेच तो गोष्टीच्या बांधणीत पक्का बसतो.

शिक्षा होते. मुर्झिकला मार बसतो, कुंपणाला बांधून ठेवतात, आणि मंडळी होडी घेऊन वीस किलोमीटरवरच्या तळ्यावर निघून जातात. तिसऱ्या रात्री निवेदकाला गालावर खरखरीत जीभ जाणवते. गळ्यात तोडलेल्या दोरीचा तुकडा, अंगाला काडीकचरा, आणि शेपटीने जमीन झाडत झाडत मागितलेली माफी. मुर्झिक रुविमची टाच चाटतो. रुविम मांसाचा डबा फोडतो. क्षमेचा एकही शब्द उच्चारला जात नाही. तीस-पस्तीस पोरांच्या वर्गात ज्याने शिक्षा दिली आणि निभावली आहे, त्याला हा डबा फोडण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. कुंपणाला बांधणे न्यायाला धरून होते. फक्त गुन्हा होडीच्या किमतीने मोजला होता, आणि शिक्षा पिल्लाच्या अंगाने भोगली.

यानंतर गोष्ट अचानक काळोखात शिरते. पिल्लू एकटे त्या रानातून कसे आले असेल, या विचारातून निवेदकाला स्वतःची एक सप्टेंबरमधली रात्र आठवते. तोही असाच एकटा तळ्याकाठी शेकोटीपाशी बसला होता. पाठीमागे कुणी उभे आहे असे वाटले, मग झाडीत पावलांचा स्पष्ट आवाज आला. कोसोगणती माणूस नाही हे ठाऊक असूनही त्याने स्वतःची शेकोटी विझवली आणि पहाटेपर्यंत तो अंधारात बसून राहिला. मुलांच्या विनोदी गोष्टीत हा भाग उपरा आहे, असा आक्षेप कुणी घेईल. मला तो आक्षेप टिकणारा वाटत नाही. हा परिच्छेद काढला तर मुर्झिक विदूषक उरतो. तो ठेवल्यामुळे मंदबुद्धीचे पिल्लू आणि लेखणी चालवणारा माणूस एका भीतीचे भागीदार होतात, आणि आपले हसणे मागे फिरून आपल्याकडेच पाहू लागते.

शिवाय सालाकडे लक्ष जाते. १९३७ साली मॉस्कोत माणसे रात्री जिन्यावरच्या पावलांना कान देऊन जागत होती. पाउस्तोव्स्कींना तेच सुचवायचे होते, असे मी म्हणणार नाही. गोष्टीत त्याला आधार नाही, आणि रानातली भीती रानातलीही असू शकते. पण राजधानीच्या कोलाहलापासून दूर मासेमारीच्या गोष्टी लिहिणारा हा लेखक पळपुटा होता, असे जे म्हणतील त्यांनी ती विझवलेली शेकोटी पुन्हा एकदा वाचावी. भीती खोटी ठरवून तो मोकळा होत नाही. आपण घाबरलो, एवढे सांगून तो पिल्लाजवळ येऊन बसतो.

गोष्टीत दोष आहेत. मुर्झिकच्या आधीच्या फजित्या जरा जास्त झाल्या आहेत. गांधीलमाशी, मध, चेंगरलेला पंजा, यांतले एखादे कमी चालले असते. तांबड्या मांजराचा तिरस्कारही लेखक दोनदा वापरतो. शेवट तर पहिल्या वाचनात कोरडा वाटतो: होडी उन्हाळा संपेतो टिकते, फुटत नाही, खोडाला लागत नाही, आणि मुर्झिक वान्या माल्याविन नावाच्या मुलाला देऊन टाकला जातो. ज्याने रानातली ती रात्र पार केली त्याला असे देऊन टाकायचे? पण पाउस्तोव्स्कींची ‘सशाचे पाय’ ही गोष्ट ज्याने वाचली आहे, त्याला हा वान्या भेटलेला असतो. भाजलेला ससा फाटक्या कोटात गुंडाळून गुरांच्या डॉक्टरकडे धावणारा आणि डॉक्टरची बोलणी खाणारा तो हाच पोर. आता सांगा, मुर्झिक कुणाच्या घरी गेला?

दिवाळीच्या सुट्टीत ही गोष्ट मुलांना वाचून दाखवाल, तर एका जागी थोडे थांबा. सकाळी सगळे होडीत बसले आहेत, मुर्झिकही आहे. पाय फाकवून गप्प बसला आहे, शेपटीचे फक्त टोक हलते आहे, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तो त्या बुचाकडे पाहत हळूच गुरगुरतो आहे.