गाडीची जोडवी

समीक्षेशी माझा संबंध तसा जुना आहे. बँकेत गेली २२ वर्षे मी दुसऱ्यांच्या लेखनाचीच समीक्षा करीत आलो आहे. सही जुळते का, अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम यांचं आपसांत पटतं का, लेखकाच्या खात्यात त्याच्या प्रतिभेला पुरेल एवढी शिल्लक आहे का, हे बघायचं आणि चेक स्वीकारायचा किंवा साभार परत करायचा. तेव्हा आज मी एका कलाकृतीची समीक्षा करणार आहे म्हटल्यावर वाचकांनी दचकू नये. कलाकृतीचं नाव 'रेसिंग पेडल्स'. तीन नगांचा संच. माध्यम अ‍ॅल्युमिनियम. मूल्य १,८५० रुपये, घासाघीस करून १,६००. रसिक ग्राहक : आमचा लातूरचा भाचा.

या भाच्याने मागच्या वर्षी फोन करून सांगितलं, "मामा, स्पोर्ट्स कार घेतली." मी आनंदाने पेढे मागितले, तर त्याने जामीन मागितला. मामाचं नातं, त्यातून बँकेतली नोकरी. सही केली. मग गाडी बघितली. सेकंडहँड, लाल, चार दारांची साधी गाडी. बॉनेटवर दोन पांढरे पट्टे आणि डिकीवर एक पंख. आमच्या एमएच-२४ आणि एमएच-२६ या दोन प्रांतांत स्पोर्ट्स कारची व्याख्या सोपी आहे : जिच्या मालकाचं लग्न व्हायचंय ती स्पोर्ट्स कार. लग्न झालं की तीच फॅमिली कार होते. गाडीत काही फरक करावा लागत नाही.

खऱ्या स्पोर्ट्स कारचे प्रयोग आपल्या बाजूला झालेच नाहीत असं नाही. गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची फायबरच्या अंगाची आणि रेनॉच्या इंजिनाची चिमुकली गाडी तयार होत असे. दिलीप छाब्रिया यांनी 'अवंती' केली, ती २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत लोकांनी गर्दी करून बघितली. पण दोन्ही गाड्या पडल्या दोन सीटच्या. मराठवाड्यात दोन सीटवर पाच माणसं ही किमान मर्यादा आहे, कमाल अजून कुणी मोजलेली नाही. तेव्हा आमच्याकडच्या तरुणांनी साध्या गाडीलाच स्पोर्ट्सची दीक्षा देणं हे ओघानंच आलं.

तर गेल्या पावसाळ्यात भाचा नांदेडला आमच्या घरी आला आणि चहाच्या आधीच म्हणाला, "मामा, खाली चला. एक दाखवायचंय." ड्रायव्हरचं दार उघडून तो मला म्हणाला, "वाका." मी वाकलो. "आणखी वाका." माझ्या कमरेचं वय ४६ आहे. शेवटी मी गाडीपुढे गुडघे टेकले, तेव्हा कुठे त्या अंधाऱ्या कोनाड्यात तीन चकचकीत पत्रे दिसले. प्रत्येकाला गोल भोकं आणि भोकांच्या मधे काळ्या रबराचे टिपके.

"कसं काय?" भाच्याने विचारलं.

कलाकृतीचं पहिलं वैशिष्ट्य माझ्या ध्यानात आलं : ती बघायची तर साष्टांग दंडवत घालावा लागतो. एवढा मान आमच्याकडे फक्त देवाला आणि गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरला आहे. तेवढ्यात सौभाग्यवती हात पुसत बाहेर आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, गाडीला जोडवी घातली की!"

खरं म्हणजे समीक्षा इथेच संपायला हवी. पण ज्याला एका वाक्यात सांगता येतं तो समीक्षक नव्हे, म्हणून मी पुढे लिहितो.

आपल्याकडे फडके आणि खांडेकर यांच्यापासून एक वाद गाजत आला आहे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला? पेडलचाही नेमका हाच वाद आहे. शर्यतीच्या गाडीतलं पेडल निव्वळ जीवनवादी असतं. तिथे अ‍ॅल्युमिनियम असतं ते वजन वाचावं म्हणून. भोकं असतात ती आणखी वजन वाचावं आणि कडांवर बूट धरून राहावा म्हणून. ड्रायव्हरच्या पायात पातळ तळव्याचा खास बूट असतो, कारण ब्रेक किती दाबला हे त्याला पावलातून कळायला हवं. आणि पेडलं जवळजवळ असतात ती एका कसरतीसाठी. वळणावर वेग कमी करताना ब्रेक दाबायचा, त्याच वेळी खालचा गियर टाकायचा. पण खालच्या गियरला इंजिन जोरात फिरायला हवं, नाहीतर गाडी हिसका खाते. म्हणून उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या टाचेने किंवा कडेने अ‍ॅक्सिलरेटरला एक टिचकी मारायची. डावा पाय क्लचवर. म्हणजे दोन पायांनी तीन पेडलं एकदम. हे ज्याला साधलं तो रेसर. ज्याला हे अठराशे पन्नासात साधेल असं वाटलं तो आमचा भाचा.

ब्राझीलचा आयर्टन सेना जपानच्या सुझुका ट्रॅकवर होंडाची गाडी पळवतोय, अशी एक जुनी चित्रफीत आहे. कॅमेरा त्याच्या पायांवर आहे आणि पाय तबलजीच्या बोटांसारखे चालतात. त्या पायांत काय आहे? पांढरे मोजे आणि ऑफिसला घालून जावेत असे साधे बूट. दुसरी गंमत अशी की १९८९ मध्ये फेरारीने स्टिअरिंगमागे बोटांनी गियर टाकायची सोय आणली आणि पुढे ती सगळ्यांनीच उचलली. आपल्याकडे नोएडाजवळच्या बुद्ध ट्रॅकवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनच्या गाड्या धावल्या, त्यांत पायाखाली दोनच पेडलं होती. रेसवाले एक पेडल काढून टाकतात आणि आमचा भाचा तीनही मढवून घेतो!

हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही लईच डीप जायलाव. लुक बघा ना लुक." लुक मी बघितला होता. गुडघ्याला अजून माती होती. शिवाय आमच्याकडे अ‍ॅक्सिलरेटरला 'रेस'च म्हणतात. "रेस दे, रेस दे" असं म्हणत आम्ही बंद पडलेला ऑटोसुद्धा चालू करतो. म्हणजे मराठवाड्यातल्या प्रत्येक वाहनात एक रेसिंग पेडल जन्मतःच असतं. त्यावर पुन्हा पत्रा कशाला?

दुसऱ्या दिवशी भाच्याबरोबर लातूरला निघालो. बहिणीकडे महालक्ष्म्या होत्या. नांदेड-लातूर रस्ता पूर्वी असा होता की स्पोर्ट्स कार काय, स्पोर्ट्समन सुद्धा खिळखिळा व्हावा. आता तो रत्नागिरी-नागपूर महामार्गात गेला आहे, रुंद आणि गुळगुळीत. हीच खरी अडचण. खड्डे होते तेव्हा वेगाची काळजी खड्डे घेत. लोह्याला चहा घेतला. पाऊस भुरभुरत होता. टपरीपुढच्या चिखलातून भाचा ओल्या चपलांनी गाडीत येऊन बसला.

माळाकोळीच्या अलीकडे रस्त्यात म्हशी आल्या. आठ-दहा होत्या. म्हैस रस्ता ओलांडते तेव्हा घाईत नसते. भाच्याने ब्रेक दाबला. नव्हे, दाबायला गेला. ओली चप्पल आणि ओला पत्रा. ब्रेकवरचा पाय सटकला तो निम्मा रेसवर. इंजिन ओरडलं. त्या एका क्षणात मला माझी बहीण दिसली. महालक्ष्म्यांपुढे बसलेली, फुलोरा लावत असलेली. मी हँडब्रेक ओढला, भाच्याचा पाय पुन्हा जागेवर पडला, आणि गाडी शेवटच्या म्हशीपासून वीतभर अंतरावर थांबली. तिने मान वळवून आमच्याकडे बघितलं. बॉनेटवरच्या पट्ट्यांचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाचा हळूच म्हणाला, "मामा, आईला सांगू नका."

पायाखालची गोष्ट किरकोळ नसते. २००९ साली टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांबद्दल इशारा दिला, तो का? तर गाडीतलं पायपुसणं सरकून अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल खाली अडकून राहण्याचा धोका होता. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला शेवटी पेडलं कापून आखूड करण्याची पाळी आली. पायपुसण्याने जर एवढं होतं, तर चार स्क्रूंवर बसवलेल्या पत्र्याने काय होणार नाही?

अहमदपूरला एका गॅरेजात गाडी लावली. मिस्त्रीने वाकून बघितलं. ब्रेकवरच्या पत्र्याचा एक स्क्रू निम्मा बाहेर आला होता. "जुनी रबरं हायत का?" त्याने विचारलं. भाच्याने डिकीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. दुकानदाराने पत्रे बसवताना काढलेली कंपनीची रबरं तीत होती. मिस्त्रीने ती हातात घेतली, अंगठा फिरवला आणि विचारलं, "गाडी किती चाललेली म्हणून घेतली?"

"अडतीस हजार."

मिस्त्री हसला. त्याने रबर माझ्या हातात दिलं. क्लचच्या रबराची एक बाजू झिजून तुळतुळीत झाली होती, नक्षीचा मागमूस नाही. ब्रेकचा उजवा कोपरा तर जवळजवळ उडालेला. "साहेब, अडतीस हजारात एवढं रबर झिजत नसतंय. काटा मागं घेतलेला हाय. ही लाखाच्या पुढं गेलेली गाडी हाय."

वाचकहो, मी गप्प झालो. २२ वर्षे पासबुकं तपासणारा मी. या गाडीच्या कर्जाला जामीन राहताना आरसी बघितली, विमा बघितला, कोटेशन बघितलं. गाडीचं खरं पासबुक तिच्या पेडलवर होतं आणि ते मी उघडलंच नाही. मीटरचा आकडा मागे फिरवता येतो. पण माणसाचा पाय लाख किलोमीटर जे लिहीत आलेला असतो ते खोडता येत नाही, फार तर झाकता येतं. आणि ते झाकायचे सोळाशे रुपये आमच्या भाच्याने स्वतःच्या खिशातून दिले!

मग इंजिनऑइल, ब्रेकचे लायनर, क्लचप्लेट हे सगळं लाखाच्या हिशेबाने तपासायला सांगितलं. लायनर कागदासारखे झाले होते. म्हशीने आम्हाला वाचवलं असं मी म्हणतो. भाचा हँडब्रेकला श्रेय देतो. मतभेद राहू द्यावेत.

आता निर्णय. कलाकृती म्हणून या पेडलांत घाट आहे, चमक आहे, आशय नाही. ती कौशल्याचं चित्र आहेत, कौशल्य नव्हेत. तसं चित्र लावायला माझी हरकत नाही. बॉनेटवर पट्टे ओढा, डिकीला पंख लावा, काचेवर आईवडिलांची कृपा लिहा. मीही पदवी बी.कॉम.ची असताना चार वर्षे मॅनेजरसारखी ब्रीफकेस बाळगली, तिच्यात डबा असे. पण गाडीत एक जागा अशी आहे की जिथे शोभेला प्रवेश नसावा, ती म्हणजे ब्रेक. तिथे काळं, कुरूप, खरखरीत रबरच शोभतं.

मिस्त्रीने कंपनीची नवी रबरं बसवली. तिन्ही मिळून २४० रुपये. संध्याकाळी गंजगोलाईत बहिणीसाठी फुलं घ्यायला उतरलो, तर भाचा गाडी लावताना तीनदा ब्रेक दाबून बघत होता. मी बघितलं नाही असं दाखवलं.

ते तीन पत्रे पिशवीतून बहिणीच्या घरी पोचले. महालक्ष्म्यांपुढे उदबत्तीचं घर सापडेना, तेव्हा तिने त्यातला एक उचलला, मातीच्या गोळ्यावर टेकवला आणि भोकांतून उदबत्त्या खोवल्या. छान उभ्या राहिल्या. "कशाचा आहे रे हा?" तिने विचारलं.

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "गाडीचा आहे. आता लागत नाही."

कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला लागतो. जामीन अजून मीच आहे.