‘कापडी पिशवी २०,००० वेळा वापरा’: हा आकडा आला कुठून?

तुम्हीही हे कधीतरी वाचलं असेल: कापडी पिशवी पर्यावरणाला परवडायची असेल तर ती २०,००० वेळा वापरावी लागते. आठवड्यातून एकदा बाजार धरला, तर झाली जवळपास ३८४ वर्षं. म्हणजे पिशवी पणतवंडांच्याही पुढे जायला हवी! हा आकडा दिसला की कोणीतरी म्हणतंच, “बघा, प्लास्टिकच बरं.”

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही हा आकडा सेमिनारमध्ये स्लाइडवर टाकला होता. सगळे हसले, मलाही बरं वाटलं. मग गाईडनी एकच प्रश्न विचारला, “कशाच्या तुलनेत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी बातमी वाचली होती, अहवाल उघडलाच नव्हता. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून आज तो अहवाल आपण नीट तपासू.

हा अहवाल डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण खात्यानं २०१८ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केला. काम तिथल्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांचं. पद्धत ‘जीवनचक्र मूल्यमापन’, म्हणजे एलसीए. यात एखाद्या वस्तूचा कच्चा माल काढण्यापासून ती कचऱ्यात जाईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर किती ऊर्जा, पाणी, रसायनं लागली आणि काय काय बाहेर पडलं, याचा हिशोब मांडतात. पद्धत उत्तम आहे. पण असा कुठलाही अभ्यास हातात घेतला की शेवटच्या आकड्याकडे जाण्याआधी चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: कुठल्या निकषावर? या अहवालात हवामानबदल, ओझोन थराची हानी, पाण्याचा वापर, विषारीपणा असे बरेच निकष आहेत. सेंद्रिय कापसाच्या पिशवीला हवामानबदलाच्या निकषावर बरोबरी साधायला १४९ वापर लागतात, साध्या कापसाच्या पिशवीला ५२. आठवड्याला एक वापर धरला तर अनुक्रमे तीन वर्षं आणि एक वर्ष. मग २०,००० कुठून आले? जो निकष सगळ्यात वाईट निघाला, त्याच्यावरून. तो होता ओझोन थराचा. साध्या कापसाचा तसाच आकडा ७,१०० आहे. अहवालात दोन्ही प्रकारचे आकडे शेजारी-शेजारी दिलेत. बातमीनं त्यातला मोठा उचलला, आणि मी बातमीतून.

दुसरा प्रश्न: तुलनेचं एकक काय? एलसीएमध्ये पिशवीची पिशवीशी तुलना होत नाही, कामाची कामाशी होते. इथं काम असं ठरवलंय: सरासरी २२ लिटर मावेल आणि १२ किलो वजन पेलेल अशी एक खरेदी, नव्यानं विकत घेतलेल्या पिशवीतून डेन्मार्कच्या सुपरमार्केटमधून घरी नेणं. अभ्यासातली सेंद्रिय कापसाची पिशवी आकारानं जरा कमी पडली, म्हणून एका खरेदीसाठी अशा दोन पिशव्या धरल्या. त्यामुळे आकडा एका फटक्यात दुप्पट झाला! यात लबाडी काही नाही, हे अहवालात लिहिलेलं आहे. पण मला विचाराल तर हा त्यातला सगळ्यात कच्चा दुवा आहे. पिशवी थोडी लहान असेल तर माणूस दोन कांदे हातात घेतो, लगेच दुसरी पिशवी विकत घेत नाही.

‘नव्यानं विकत घेतलेली’ हे शब्दही सोडू नका. आपल्याकडच्या कित्येक घरांत दाराच्या खिळ्याला लटकणारी पिशवी जुन्या साडीची किंवा फाटक्या पँटची असते. तो कापूस पिशवीसाठी पिकवलेलाच नसतो. साडीचा भार साडीच्या खात्यावर टाकला, तर पिशवीच्या वाट्याला जेमतेम शिलाई येते. अर्थात हा भार कुणाच्या खात्यावर टाकायचा, ही संशोधकाची निवड असते आणि ती उघड सांगावी लागते. पण निवड कुठलीही करा, २०,००० हा त्या पिशवीचा आकडा नाही.

तिसरा प्रश्न, माझ्या गाईडचा: कशाच्या तुलनेत? तुलना आहे सुपरमार्केटमधल्या प्लास्टिकच्या पिशवीशी, जी घरी आल्यावर कचऱ्याच्या डब्यात घातली जाते आणि शेवटी भट्टीत जाळली जाते. डेन्मार्कमध्ये त्या भट्ट्यांतून वीज आणि उष्णता मिळवतात. शिवाय डब्यासाठी वेगळी पिशवी घ्यावी लागत नाही, म्हणून तेवढं श्रेय बाजाराच्या पिशवीला मिळतं. या श्रेयाचं वजन किती असतं बघा. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालात पातळ प्लास्टिक पिशवीशी हवामानबदलाच्या निकषावर बरोबरी करायला कापडी पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. पण त्यातल्या साधारण ४० टक्के प्लास्टिक पिशव्या डब्यात वापरल्या जातात असं धरलं, की तोच आकडा १७३ होतो. पिशव्या त्याच. बदललं फक्त घरातल्या कचऱ्याचं गृहीतक.

आता हे गृहीतक आपल्याकडे आणून बघा. भाजीवाल्याची पिशवी आपणही डब्यात घालतोच. पण ओल्या कचऱ्याला गाठ मारून पिशवी बाहेर ठेवली, की तो कचरा खतासाठी जवळजवळ निकामी होतो. कुणाला तरी ती फाडून हातानं वेगळं करावं लागतं. भाजीच्या देठांनी बरबटलेल्या पातळ पिशवीला भंगारात भावही मिळत नाही. डेन्मार्कमध्ये जे श्रेय आहे, ते इथं कचरावेचक मावशींच्या डोक्यावरचं ओझं आहे.

चौथा प्रश्न: हिशोबात काय धरलेलं नाही? उघड्यावर पडलेला कचरा. डेन्मार्कमध्ये त्याचा परिणाम नगण्य आहे असं मानून तो बाजूला ठेवलाय. त्यांच्यासाठी हे पटण्यासारखं आहे. आपल्यासाठी नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत चर्चा झाली ती तुंबलेल्या गटारांची आणि त्यात अडकलेल्या पिशव्यांची. बांगलादेशनं २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली, त्यामागेही पुराचंच कारण होतं. महाराष्ट्राची बंदीची अधिसूचना मार्च २०१८ ची, म्हणजे डेन्मार्कच्या अहवालानंतर महिन्याभरातली. दोन्हींत विरोध दिसतो, पण प्रश्नच वेगळे आहेत. एक विचारतो, पिशवी बनवताना आणि जाळताना किती नुकसान होतं. दुसरा विचारतो, पिशवी रस्त्यावर, नाल्यात आणि गाईच्या पोटात गेली की काय होतं. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवता येत नाही.

मग अहवाल फेकून द्यायचा का? मुळीच नाही. तो आपल्याला लागू पडतो, पण वेगळ्या जागी. तुमच्या कपाटात कॉन्फरन्समध्ये मिळालेल्या कापडी पिशव्या किती आहेत, मोजा. माझ्याकडे सात निघाल्या, त्यातल्या चार कधी घराबाहेर पडलेल्याच नाहीत. त्या साडीच्या नाहीत, नव्या कोऱ्या आहेत. बरोबरी ५२ वापरांची असो की १४९ ची, शून्य वापराला बचाव नाही. ‘प्लास्टिकमुक्त परिषद’ म्हणून वाटलेल्या पिशवीवर या अहवालाची टीका अगदी अचूक बसते.

आणि नुसत्या बंदीवर खूश असणाऱ्यांनाही एक अभ्यास अस्वस्थ करतो. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञ रेबेका टेलर यांनी २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बंदीचा विक्रीचा डेटा तपासला. दुकानातल्या पिशव्यांचं प्लास्टिक ४ कोटी पौंडांनी घटलं, पण कचऱ्याच्या पिशव्यांची खरेदी वाढून १ कोटी २० लाख पौंड प्लास्टिक परत आलं. बंदी फसली असं यातून निघत नाही, बहुतांश घट टिकलीच. निघतं ते इतकंच की बाजाराची पिशवी आणि घरातला डबा हा एकच प्रश्न आहे. डब्यात जुना पेपर घालणं, ओल्या कचऱ्याची बादली रोज धुणं, हे ठरल्याशिवाय खिळ्यावरच्या पिशवीनं अर्धंच काम होतं.

तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर एक सवय आत्ताच लावून घ्या. गाजलेला आकडा दिसला की मूळ अहवाल उघडा आणि आधी गृहीतकांचं प्रकरण वाचा, निष्कर्ष नंतर. आकडा बरोबर असूनही तुमच्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देऊ शकतो. माझ्या स्लाइडवरचा आकडा बरोबरच होता. मी तो ज्यासाठी वापरला, ते चुकीचं होतं.