कापलेल्या पत्र्याचं छप्पर

विटांच्या घरात खिडकीची जागा गवंडी बांधतानाच मोकळी सोडतो. मालवाहू कंटेनरचं घर करताना भिंत मात्र आधीच पूर्ण असते. तिच्यावर खडूने माप आखावं लागतं, कटर चालवावा लागतो, ठिणग्या उडतात आणि खिडकीएवढा पन्हाळी पत्रा सुटून खाली येतो. बहुतेक ठिकाणी तो भंगारात जातो.

कोस्टा रिकाची राजधानी सान होसे. तिथून वीस मिनिटांवर वास्तुविशारद बेंजामिन गार्सिया सॅक्स यांनी २०११ मध्ये बांधलेल्या घरात हा सुटलेला पत्रा डोक्यावर चढला आहे. ‘कंटेनर्स ऑफ होप’ हे त्या घराचं नाव. चाळीस फुटी दोन टाकाऊ कंटेनर, त्यांच्यामध्ये मोकळी जागा आणि त्या जागेवर, खिडक्यांसाठी कापलेल्या त्याच पत्र्यांचं उंचावलेलं छप्पर. मी हे घर फक्त नकाशांत आणि छायाचित्रांत पाहिलं आहे. तरी पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळतो, ते या छपरासाठी.

कंटेनरची आतली रुंदी जेमतेम पावणेआठ फूट असते. पलंग आडवा टाकला की त्याच्या पायथ्याशी माणसाला अंग चोरून जावं लागतं. म्हणून कंटेनरचं घर करणारे बरेच जण दोन डबे एकमेकांना चिकटवतात आणि मधल्या भिंती कापून काढतात. पण कंटेनरचं बळ मुख्यतः त्याच्या चार कोपऱ्यांच्या खांबांत असतं आणि त्या खांबांना ताठ धरतात त्या याच पन्हाळी भिंती. त्या सलग कापल्या की वरची कड वाकू लागते, मग नवे लोखंडी गर्डर आणा, वेल्डिंग करा. स्वस्ताई तिथेच संपते. अशी पुष्कळ घरं मला डब्याशी उगाच घातलेल्या झोंबीसारखी वाटतात.

सॅक्स यांनी डब्याची अरुंदी मान्य केली आणि हवी ती ऐसपैस जागा दोन डब्यांच्या मधोमध शोधली. घराचं माजघर म्हणावं असा भाग कोणत्याच कंटेनरच्या आत नाही! तो दोघांच्या मधल्या अंतरात आहे. आत उभ्या असलेल्या माणसाला लोखंडी डब्यात कोंडल्याची भावना तिथे होत नसणार, कारण नजर वर जाते आणि छपराखालून येणारा उजेड तिला भेटतो. हवाही तिथून आरपार खेळते, इतकी की वातानुकूलन यंत्राची गरज पडत नाही.

हे नागपूरच्या मे महिन्यात चालेल का? नाही. सान होसे अकराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, हवा बारा महिने सौम्य. आपल्याकडे असा पत्रा दुपारी हात लावू देणार नाही. आधी उष्णतारोधक थर द्यावा लागेल, वर सावली करावी लागेल. या घराची मला वाटणारी थोरवी यानं कमी होत नाही. ते तिथल्या वाऱ्याला विचारून बांधलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि इथेच त्या डब्याची जुनी ओळख आठवते. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ५८ पेट्या घेऊन निघालं. आधुनिक कंटेनर वाहतुकीची सुरुवात बहुधा तिथूनच मोजतात. या पेटीचा मोठा गुण म्हणजे तिला जागेचं काही देणंघेणं नसतं. रॉटरडॅम असो की न्हावा-शेवा, माप तेच, कोपऱ्यांची कुलुपं तीच. आत काय आहे, बाहेर कोणता समुद्र आहे, याचा तिच्यावर परिणाम होऊ नये म्हणूनच ती घडवलेली. अशा पेटीला सॅक्स यांनी दिशा दिल्या. सूर्योदय कुठून दिसावा, मावळतीचं ऊन कुठून यावं, हे ठरवून कटर चालवला. जिला पूर्व-पश्चिम माहीत नव्हती तिला ती माहीत झाली. कंटेनरचं घर झालं ते त्या क्षणी, असं मी मानतो. पलंग आणि स्वयंपाकाचा ओटा नंतरचे.

घर सुमारे १०० चौरस मीटरचं, खर्च ४०,००० डॉलर. त्या देशात गरिबांसाठी सरकारी मदतीनं उभारल्या जाणाऱ्या घरापेक्षाही कमी. घरमालकांना आपल्या घोड्यांजवळ, आपल्याच जमिनीवर राहायचं होतं, तेही कर्ज न काढता. हा आकडा मला छपराइतकाच सुंदर वाटतो, कारण दोन्हींमागे हात एकच आहे: काही वाया जाऊ न देणारा.

मे ते नोव्हेंबर त्या भागात पावसाळा. पहिली सर येते तेव्हा ती त्या मधल्या छपरावर वाजत असेल. कधीकाळी बोटीवर खारा वारा अडवणारा तो पत्रा आता खालच्या माणसांना भिजू न देता पाणी ओघळू देतो, आणि त्यानं सोडलेल्या चौकोनांतून बाहेर भिजणारे घोडे दिसतात.