'फॉरेस्ट' म्हणजे नक्की काय? डिक्शनरी उघडण्याआधी थोडं थांबा

सिनॉप्सिसचं पहिलं पान आपल्याकडे जवळजवळ ठरलेलं असतं. "अमुक शब्द लॅटिनमधल्या तमुक शब्दापासून आला. ऑक्सफर्ड डिक्शनरीनुसार त्याचा अर्थ असा." मग समस्या विधान, उद्दिष्टं, गृहीतकं. पेट देऊन झाली, गाइड मिळाले, की आपण सगळ्यात आधी हेच पान लिहून टाकतो, कारण ते सोपं असतं. आज मला या पानावर टीका करायची आहे. व्युत्पत्ती सांगू नका असं मी म्हणत नाही. पण आपण तिच्याकडून जे काम करून घेतो, ते तिला झेपत नाही, एवढंच दाखवायचं आहे.

त्यासाठी रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द घेऊ: फॉरेस्ट. हाच का? तर या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा, यावर आपल्याच उपनगरांत मुलुंडमधली घरं अडकली होती आणि आरेतली झाडंही.

आधी व्युत्पत्ती

बहुतेक कोशांच्या मते फॉरेस्टच्या मुळाशी लॅटिनमधला 'फोरिस' हा शब्द आहे. अर्थ: बाहेर, दाराबाहेर. 'फॉरेन' हाही त्याच घरातला. आणखी मागे गेलात तर 'फोरिस', इंग्रजी 'डोअर', संस्कृत 'द्वार' आणि आपलं मराठी 'दार' हे सगळे एकाच मुळातून आलेले आहेत. काही अभ्यासक मात्र फॉरेस्टचा संबंध 'फोरम'शी, म्हणजे राजाच्या न्यायसभेच्या अधिकाराशी जोडतात.

आता आपल्या शब्दांकडे बघा. 'अरण्य' हा 'अरण' या शब्दावरून आला, आणि त्याचा अर्थ दूरचं, परकं. म्हणजे तिथेही 'गावाबाहेरचं' हीच कल्पना. 'जंगल' मात्र भलतंच निघतं. आयुर्वेदात 'जांगल देश' म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा प्रदेश. दमट, पाणथळ प्रदेशाला 'आनूप' म्हणतात. हाच शब्द अठराव्या शतकात इथून इंग्रजीत गेला आणि तिकडे 'जंगल' म्हणजे घनदाट झाडी झाली. फ्रान्सिस झिमरमन या अभ्यासकाने या उलटापालटीवर आख्खं पुस्तक लिहिलं आहे.

वाचायला मजा येते, पण यातून सिद्ध काय झालं? मूळ अर्थ हाच खरा अर्थ धरला, तर बोरिवलीचं नॅशनल पार्क 'जंगल' ठरणार नाही आणि माणदेशातलं माळरान ठरेल. मुळावरून आजचा अर्थ सिद्ध करता येत नाही. हा पहिला धडा, आणि तो बऱ्याच जणांना माहीत असतो. दुसरा धडा मात्र पटकन दिसत नाही.

इंग्लंडमधलं फॉरेस्ट: झाडांचा संबंध थोडा

अकराव्या शतकात नॉर्मन राजांनी इंग्लंडमध्ये 'फॉरेस्ट' नावाची कायदेशीर व्यवस्था आणली. फॉरेस्ट म्हणजे राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवलेला प्रदेश. त्यात झाडी असे, माळ असे, गावंसुद्धा असत. डार्टमूर हा बराचसा उघडा माळ, पण तोही फॉरेस्ट. 'अफॉरेस्ट करणे' याचा जुना अर्थ झाडं लावणे असा नव्हताच. जमीन फॉरेस्टच्या कायद्याखाली आणणे, असा होता. लोकांना गुरं चारायला आणि सरपणाला बंदी झाली, तक्रारी वाढल्या, आणि १२१७ मध्ये 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट' काढून त्यातले काही हक्क परत द्यावे लागले.

म्हणजे कायद्याच्या भाषेत फॉरेस्ट हे वर्णन नव्हतं, तो जमिनीला दिलेला दर्जा होता. जमिनीवर काय उगवलं आहे यापेक्षा ती कोणाच्या हुकमाखाली आहे, हे त्यातून कळायचं. हाच शब्द कायद्यासकट आपल्याकडे आला. १८६५, १८७८ आणि १९२७ असे वनकायदे झाले. राखीव वन, संरक्षित वन, ग्रामवन असे प्रकार ठरले. पण आजही लागू असलेल्या १९२७ च्या कायद्यात 'फॉरेस्ट' या शब्दाची व्याख्याच नाही. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यातही ती नव्हती.

मुलुंड: झाडं नाहीत, पण 'वन'

नॅशनल पार्कच्या डोंगराच्या एका अंगाला मुलुंड, दुसऱ्या अंगाला बोरिवली. १९५० च्या दशकात या पट्ट्यातल्या काही खासगी जमिनींबाबत वनकायद्याखाली नोटिसा निघाल्या होत्या. पुढे ३० ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्रात खासगी वनं सरकारजमा करणारा कायदा लागू झाला. मधल्या काळात सरकारी परवानग्या घेऊनच अनेक जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी कर्जं काढून फ्लॅट घेतले. २००६ च्या सुमारास सरकारने त्या जुन्या नोटिसांचा आधार घेऊन या जमिनी 'खासगी वन' असल्याची भूमिका घेतली. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला एके दिवशी कळलं की आपण वनात राहतो.

मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये सरकारची बाजू मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ ला 'गोदरेज अँड बॉयस' प्रकरणात तो निकाल फिरवला. नोटीस नुसती काढून चालत नाही, ती बजावलेली आणि जिवंत असावी लागते. अनेक दशकं पडून राहिलेल्या कागदावर वन उभं करता येत नाही, असा त्याचा रोख. लक्षात घ्या, हा सगळा झगडा मुख्यतः नोटिशीवर झाला, जमिनीवर झाडं किती यावर नाही.

आरे: झाडं आहेत, पण 'वन' नाही

आता पार्कच्या दक्षिण टोकाला, गोरेगाव पूर्वेला या. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये आरे मिल्क कॉलनी वसवली गेली. जमीन दुग्धविकास खात्याची. त्यामुळे मेट्रोच्या कारशेडचा वाद पेटला तेव्हा सरकारी बाजू हीच होती की हे वन नाही. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर मेट्रो कंपनीच्याच आकड्यानुसार २,१४१ झाडं गेली होती. पुढच्या वर्षी सरकारने आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचं ठरवलं. झाडं आदल्या दिवशी होती तीच होती. बदलला तो दर्जा.

आणि आरेतल्या पाड्यांवर पिढ्यानपिढ्या राहणारे वारली? २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा, तर जमीन वनजमीन असावी लागते. 'हे वन नाही' म्हटलं की दावा अडतो. 'हे वन आहे' म्हटलं की वनखात्याचे निर्बंध येतात. तुमच्या प्रबंधात जो शब्द एका ओळीच्या व्याख्येत संपतो, तो इथे एखाद्या कुटुंबाचं सगळं ठरवतो.

'डिक्शनरीतला अर्थ घ्या'

१२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'फॉरेस्ट' हा शब्द डिक्शनरीतल्या अर्थाने घ्यायचा, आणि सरकारी नोंदीत जे वन आहे तेही, मालकी कोणाचीही असो, वनजमिनीत धरायचं. या आदेशाचं मोल मोठं आहे. कागदावर नसलेल्या वनांनाही त्याने संरक्षण दिलं.

पण अभ्यासक म्हणून वाचलंत तर त्यातली अडचण दिसेल. कोणती डिक्शनरी? आणि डिक्शनरी 'झाडांनी व्यापलेला मोठा प्रदेश' म्हणते, तेव्हा मोठा म्हणजे किती? जागतिक अन्न व कृषी संघटना अर्धा हेक्टर क्षेत्र, ५ मीटर उंचीची झाडं आणि १० टक्क्यांहून जास्त छत्र मागते. भारतीय वन सर्वेक्षण किमान १ हेक्टर आणि १० टक्के छत्र धरते, त्यात आमराईही येते. प्रत्येक मोजणीत वेगळा नकाशा निघणार. शेवटी ठरवायचं काम राज्यांच्या समित्यांवर, म्हणजे पुन्हा अधिकाऱ्यांवर आलं. २०२३ च्या दुरुस्तीने कायद्याचा भर पुन्हा नोंदींवर नेला आणि त्याच्या इंग्रजी नावातला 'फॉरेस्ट' काढून 'वन' घातला. १९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की तूर्त डिक्शनरीतलाच अर्थ चालू ठेवा.

मग तुमच्या पहिल्या पानाचं काय?

व्युत्पत्ती ठेवा, पण पुरावा म्हणून नको. ती फक्त प्रश्न सुचवते. 'फोरिस' म्हणजे बाहेर, यावरून आरे वन आहे की नाही हे कळत नाही. पण 'बाहेर' ही रेघ कोण ओढतं, आत कोण राहतं, बाहेर कोण काढलं जातं, हे विचारावंसं वाटतं. दुसरा धडा तो हा.

म्हणून तुमचा विषय शिक्षणाचा असो की स्थलांतराचा, मुख्य शब्दाला हे तीन प्रश्न विचारा. ही व्याख्या कोणी, कोणत्या कामासाठी केली? ती लावली तर कोण आत येतं, कोण सुटतं? आणि माझ्या क्षेत्रातली माणसं त्याच गोष्टीला काय म्हणतात? 'ड्रॉपआउट', 'स्लम', 'मायग्रंट' यांतला कुठलाही शब्द घेऊन बघा. उत्तरं लिहायला पाच-सहा पानं लागतील, आणि ती डिक्शनरीच्या एका ओळीपेक्षा जास्त उपयोगी पडतील. व्हायवामध्ये "हीच व्याख्या का घेतली?" असं विचारलं, तर "ऑक्सफर्डमध्ये आहे" हे उत्तर पुरणार नाही. मुलुंडच्या फ्लॅटवाल्यांना आणि आरेच्या पाड्यांनाही ते पुरलं नव्हतं.