दोषी, गुन्हेगार आणि नोंदकार

घोटीतील काही तरुणांनी परिसरातील लोकप्रतिनिधींची परिचयपुस्तिका करायला घेतली आणि नोंदी तपासण्यासाठी माझ्याकडे दिल्या. घोटीवरून ज्या सिन्नरला रस्ता जातो, तेथील माणिकराव कोकाटे यांच्यावर दोन नोंदी होत्या. एकीत 'गुन्हेगार आमदार' एवढाच शिक्का. दुसरीत खटल्याचे नावही नाही. दोन्ही मी परत केल्या.

मुळात वस्तुस्थिती काय? मुख्यमंत्र्यांच्या कोट्यातील सदनिका खोटी माहिती देऊन मिळवल्याचे हे १९९५ सालचे प्रकरण. २० फेब्रुवारी २०२५ रोजी नाशिकच्या न्यायालयाने कोकाटे यांना दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा दिली. तक्रार राजकीय वैरातून झाली, असे त्यांचे म्हणणे. अपिलात सत्र न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि डिसेंबर २०२५ मध्ये निकाल कायम केला. त्यांचे मंत्रिपद गेले. उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित केली, पण दोषसिद्धीला हात लावला नाही. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आमदारकी जाऊ नये एवढ्यापुरती दोषसिद्धी स्थगित केली.

इतके लिहिले की नोंद पुरी होते. शिक्षेची स्थगिती म्हणजे निर्दोषत्व नव्हे; अपील प्रलंबित असणे म्हणजे खटला खोटा असणेही नव्हे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार दोन वर्षांची शिक्षा आमदारकी घालवते, म्हणून हा भेद शब्दच्छल ठरत नाही. 'वादग्रस्त' हा शब्द मात्र मी खोडला. वाद कोणाचा, कोणत्या मुद्द्यावर, हे तो सांगत नाही; तो फक्त लिहिणाऱ्याला वाचवतो. शिवाय नोंद कोणत्या तारखेपर्यंतची आहे, हे खाली लिहिलेच पाहिजे.

एका तरुणाने विचारले, 'सर, सत्ताधाऱ्यांची एवढी काळजी आपण का घ्यायची?' प्रश्न रास्त आहे. १८७१ च्या कायद्याने आमच्या पारधी, कैकाडी बांधवांना खटला नाही, साक्ष नाही, निकाल नाही, तरीही जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा गेला. पण संदर्भग्रंथांतून आणि पोलीस ठाण्यांतून तो शब्द गेला नाही. ज्यांच्यावर आरोपही सिद्ध झाला नव्हता त्यांना एका शब्दात गुन्हेगार म्हणणारी लेखणी, प्रतिष्ठितावर निकाल लागला की एकाएकी संयमी होते. माझा आक्षेप संयमाला नाही, त्याच्या वाटपाला आहे.

म्हणून मी त्या तरुणाला म्हटले, 'आपण सूड म्हणून शिक्का मारला, तर शिक्का मारण्याची रीतच कायम राहते. न्यायालय, तारीख, कलम, शिक्षा, अपील, आणि त्या माणसाचे म्हणणे, एवढे सहा रकाने कर. आमदारासाठी भरशील तसेच उद्या पालावरच्या पोरासाठी भर. त्याचा एखादा रकाना रिकामा राहिला, तर तो रिकामाच छाप. तो रिकामा रकानाच त्याची साक्ष देईल.'