रोजचा धडा

आल्फाँस दोदे हे फ्रेंच लेखकाचे नाव आपल्याकडे बहुतेकांना एका गोष्टीपुरते ठाऊक आहे. 'शेवटचा धडा' ही ती गोष्ट. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, अल्सास प्रांत जर्मनीकडे गेला आणि तेथील शाळांतून फ्रेंच शिकवणे बंद झाले. त्या बंदीआधीचा अखेरचा वर्ग दोदेने लहानग्या फ्रान्झच्या तोंडून सांगितला आहे. १८७३ च्या कथासंग्रहातली ही गोष्ट आज केंद्रीय अभ्यासक्रमाच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाचा गळा ती वाचताना का दाटून येतो, हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

याच दोदेचे दुसरे एक पुस्तक आहे. ते मात्र आपल्याकडे फारसे कुणी वाचलेले दिसत नाही. 'ला दुलू' हे त्याचे नाव. ज्युलियन बार्न्स या इंग्रज कादंबरीकाराने २००२ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला, त्यातून मी ते वाचले. पन्नासेक पानांचा ऐवज. त्याला कथानक नाही, प्रकरणे नाहीत. एका दुखणाइताने वर्षानुवर्षे ठेवलेली ती टिपणवही आहे. दोदे १८९७ मध्ये वारला आणि ही वही छापून आली ती १९३० मध्ये.

दुखणे कोणते, तेही सांगितले पाहिजे. तरुणपणी जडलेला उपदंश बऱ्याच वर्षांनी त्याच्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत उतरला. या विकारात पायांतून, बरगड्यांतून विजेसारख्या कळा निघतात, तोल जातो, पाऊल कोठे पडते ते कळेनासे होते. शार्को हा त्या काळचा पॅरिसमधला मज्जाविकारांचा सर्वांत नामांकित वैद्य. त्याने १८८५ मध्ये दोदेला स्पष्ट सांगितले की हे बरे होणारे नाही. दोदे त्या वेळी पंचेचाळीस वर्षांचा होता आणि त्यापुढे तो बारा वर्षे जगला. पेनिसिलिनने हा रोग आटोक्यात येऊ लागला तो थेट १९४० नंतरच्या दशकात. तोवर जे उपाय होते, ते सगळे त्याने केले. लामालूच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर तो पुन्हा पुन्हा गेला, मॉर्फिन आणि क्लोरल घेतले, कणा ताणला जावा म्हणून स्वतःला टांगूनही घेतले.

ही वही वाचताना प्रथम जाणवते ते तिचे तुटकपण. कुठे दोन ओळी, कुठे अर्धे वाक्य. कण्हणे नाही, देवाला साकडे नाही, 'मीच का?' हा प्रश्नही जवळजवळ नाही. स्नानगृहाच्या आरशात त्याला अचानक एक वाळलेला म्हातारा दिसतो आणि तो आपणच आहोत हे उमगते. एवढी नोंद करून तो पुढे जातो. रस्ता ओलांडण्याची धास्ती, लिहिता लिहिता दगा देणारा हात, लामालूच्या जेवणघरात एकमेकांना चोरून न्याहाळणारे रोगी, आपल्यासारखेच दुखणे असलेला जुळा माणूस शोधणारी त्यांची नजर, हे सारे तो असे टिपतो की जणू दुसऱ्याच कुणाबद्दल लिहितो आहे. शब्द वेदनेच्या कामाला येतात का, हाही प्रश्न तो स्वतःला विचारतो. कळ चालू असताना शब्द नसतात. ते येतात ती ओसरल्यावर, आठवणीतून. म्हणून ही वही तुटक आहे. गुळगुळीत असती तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

आता 'शेवटचा धडा' पुन्हा आठवून पाहा. त्या दिवशी वर्गाच्या मागच्या बाकांवर गावातली मोठी माणसे येऊन बसतात. म्हातारा हाउझर आपले जुने पाठ्यपुस्तक घेऊन येतो. आमेल मास्तरांनी त्या शाळेत चाळीस वर्षे शिकवले. त्या चाळीस वर्षांत मागच्या बाकांवर कोण येऊन बसले होते? कोणी नाही. धडा शेवटचा आहे म्हटल्यावर सगळे आले. त्या गोष्टीतले कारुण्य उभे राहते ते या 'शेवटचा' शब्दावर.

'ला दुलू'मध्ये काहीच शेवटचे नाही. धडा रोज तोच, आणि शिकणाऱ्याला तो रोज नवा. वहीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली जाण हीच आहे. ज्याचे दुखते त्याला आजची कळ आजचीच असते; घरच्यांना मात्र ती जुनी झालेली असते. यात घरचे निर्दय नसतात. माणसाचे लक्ष स्वभावतःच आरंभाकडे आणि अंताकडे जाते, मधल्या लांब पट्ट्यावर ते टिकत नाही. दोदेने हे फ्रेंचमध्ये लिहिण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे म्हण आहे: रोज मरे त्याला कोण रडे. आपण ती उपहासाने वापरतो. दोदेची वही वाचल्यावर ती म्हण रोज मरणाऱ्याच्या बाजूने ऐकू येते.

मराठीत आजारपणावरची पुस्तके कमी नाहीत. पद्मजा फाटक यांचे मूत्रपिंडारोपणावरचे 'हसरी किडनी' आहे. आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' आहे. दोन्ही पुस्तके मी आदराने वाचली, इतरांना वाचायला दिली. पण वाचक म्हणून अशा पुस्तकांकडून आपण एकाच गोष्टीची मागणी करतो. शेवटी माणूस उठला पाहिजे, जिंकला पाहिजे. ज्या दुखण्यात जिंकणेही नाही आणि मरणेही नाही, त्याचे पुस्तक आपण मागत नाही. दोदेची वही त्या रिकाम्या जागेवर बसते.

एका बाबतीत मात्र माझे दोदेशी जमत नाही. लामालूला लोक त्याच्याभोवती जमत, धीर मागत. तो त्यांना सांगे की आजाराला नकोशा पाहुण्यासारखे वागवा, त्याची खास सरबराई करू नका, रोजचे व्यवहार चालू ठेवा. स्वतः तो घरच्यांसमोर हसतमुख राही. आपल्या दुखण्याने जवळच्यांना दुखवायचे नाही, हे त्याचे व्रत होते. वृत्ती थोरच. पण हे व्रत त्याला झेपले याची कारणेही पाहायला हवीत. तो घरचा कर्ता होता, कीर्तिमान लेखक होता, आणि स्वतः लेखिका असलेली त्याची पत्नी ज्युलिया संसार सांभाळत होती. त्याने दुखणे लपवले, तरी त्याच्यावाचून चूल अडणार नव्हती. शिवाय मनातले उतरवायला त्याच्यापाशी ही वही होती.

आपल्या घरांत दुखणे लपवते ती बहुतेक वेळा चूल सांभाळणारी बाईच. तिने लपवले की तिचे काम कुणी वाटून घेत नाही, कारण वाटून घ्यायचे काही आहे हेच कुणाला कळत नाही. तिच्या गप्प राहण्याला आपण 'सोसणे' म्हणतो आणि तिचे गोडवे गातो. ते गोडवे घराला सोयीचे असतात.

हे मी पुस्तकी बोलत नाही. माझ्या पत्नीला नऊ वर्षांपासून आमवात आहे. पहाटे तिच्या हातांची बोटे आखडलेली असतात आणि मूठ वळायला तास-दीड तास जातो. या नऊ वर्षांत मुलीचे लग्न झाले, मुलगा नोकरीला पुण्याला गेला, माझी आई अंथरुणाला खिळली. दुखणे काही या कामांपासून वेगळे उभे नव्हते, त्यांच्यातच मिसळलेले होते. आमच्या भागात माणूस भेटला की मराठीत विचारतात, "आराम हाय न्हवं?" आणि कानडीत, "आराम इद्दीरी?" शब्द एकच, आणि दोन्ही भाषांत उत्तरही ठरलेले. आराम! पत्नी डॉक्टरांशी कानडीत बोलते, चांगले बोलते. 'नोवु' म्हणून सुरुवात करते आणि नेमके सांगायची वेळ आली की मराठीवर येते: ठणका, कळ, ओढ, ठसठस. कानडीत असे शब्द नाहीत असे नव्हे, पण तिच्या बोटांना जे होते त्याची नावे तिला माहेरच्या भाषेतच सापडतात.

म्हणूनच या वहीचे नाव मला महत्त्वाचे वाटते. 'दुलू' हा शब्द फ्रेंच नाही. वेदनेला फ्रेंचमध्ये वेगळा शब्द आहे. हा दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्साल भाषेतला, दोदेच्या जन्मप्रदेशातला शब्द. ज्याने फ्रेंच भाषेचा गौरव करणारी गोष्ट लिहिली, त्याच्या वेदनेच्या वहीवर घरच्या बोलीतला शब्द आहे. त्याला मराठी प्रतिशब्द देताना मी 'वेदना' घेणार नाही, 'दुखणं' घेईन. दुखणं म्हणजे कळ आणि दुखणं म्हणजे आजारही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात आणि तो शब्द स्वयंपाकघरात बोलला जातो.

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी पत्नीच्या अक्षरात अधूनमधून दोन शब्द असतात: 'मूठ नाही.' कधी 'नऊला मूठ.' तिला साहित्य करायचे नव्हते, डॉक्टरांनी विचारले तर सांगता यावे म्हणून ती लिहीत गेली. डॉक्टरांनी ती पाने पाहिली आणि त्यांवरून औषधाची मात्रा बदलली. घरातल्या माणसांनाही कळले की सकाळचे पीठ मळणे कोणत्या दिवशी दुसऱ्याने करायचे. दोदेच्या टिपणांची आणि या नोंदींची जात मला एकच वाटते. फरक इतकाच की दोदेची वही घरच्यांपासून दूर राहिली आणि ही चौकट भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. या एका बाबतीत भिंतीवरची चौकट मला दोदेच्या पुढे गेलेली दिसते.

दोदे १६ डिसेंबर १८९७ रोजी घरच्यांबरोबर जेवणाच्या टेबलावर बसलेला असताना गेला. त्याआधीच्या बारा वर्षांत त्याने कादंबऱ्या लिहिल्या, मुले वाढवली, मित्रांना हसवले. त्याच्या चरित्रकारांना हे सांगायला आवडते. मला वाटते, ती हसरी वर्षे खरी होती आणि वहीही खरी होती. एकीवरून दुसरी खोडता येत नाही. ज्यांनी 'शेवटचा धडा' वाचून डोळे पुसले आहेत, त्यांनी ही पन्नास पानेही वाचावीत. मागच्या बाकांवर गावाने केव्हा येऊन बसायला हवे होते, हे त्यांतून कळते. चाळीस वर्षांतल्या कुठल्याही साध्या, कुणाच्या लक्षात न राहिलेल्या दिवशी.