पडद्यामागील चित्रकार

नृसिंहवाडीच्या घाटावर उभे राहिले म्हणजे कोल्हापुराकडून आलेली पंचगंगा डोळ्यांदेखत कृष्णेत मिसळते, आणि तेथून पुढे नाव उरते ते एकट्या कृष्णेचे. बोलपटातील कलादिग्दर्शकाच्या वाट्यास बहुधा हेच येते. वाडा त्याचा, ओसरी त्याची. पण चित्र ओळखले जाते दुसऱ्याच्या नावाने.

कोल्हापुरात आरंभी मात्र असे नव्हते. बाबूराव पेंटर हे मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे. तानीबाई कागलकर यांच्या भांडवलावर त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, तेव्हा चित्रकार हाच तेथील सर्वाधिकारी होता. अशा एकछत्री सत्तेत शिष्य उत्तम तयार होतात, पण टिकत नाहीत. दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम १९२९ साली बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी 'प्रभात' काढली. येथे फत्तेलाल पगारी नोकर नव्हेत, भागीदार होते. तरी दिग्दर्शनाची सूत्रे बहुतांशी शांतारामांच्या हाती राहिली.

या वाटणीचा परिणाम चित्रांतच पाहावा. 'अमृतमंथन' (१९३४) मधील दालने भव्य खरी, परंतु पुष्कळदा माणसे त्यांखाली दबून जातात. जणू नेपथ्यकारास आपले म्हणणे भिंतींकडूनच वदवून घ्यावे लागले! पुढे 'संत तुकाराम' (१९३६) चे दिग्दर्शन दामले व फत्तेलाल यांनीच केले. आता कलावंताच्या हाती सर्व सत्ता आली, तेव्हा देखाव्यांची रेलचेल होईल असे कोणासही वाटले असते. घडले उलटेच. तुकोबांचे घर दिसते ते केवळ राहते घर म्हणून. जिजाई आणि तिची म्हैस त्या अंगणात अशी वावरतात की ते अंगण कोणी मुद्दाम रचले आहे याची आठवणही राहू नये. ज्यास आपले अस्तित्व सिद्ध करावयाचे नाही, त्यासच एवढा संयम साधतो. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्राचा गौरव झाला. पाग्निसांचा अभिनय व दामल्यांचा वाटा मी विसरत नाही. पण फत्तेलालांच्या या संयमाची चर्चा आपल्या टीकाकारांनी फारशी केली नाही, याचा विषाद वाटतो.

वैकुंठगमनाच्या प्रसंगी मात्र जुना नाटकी पडदा डोकावतोच. मला तो खटकला. शेजारी बसलेल्या माझ्या आईने हात जोडले होते.